न तापणाऱ्या गाडीतून साखरप्यापर्यंत

कोल्हापुराहून साखरप्याला जायला सरकारी मोटारीला जेवढा वेळ लागतो, तेवढ्या वेळात आम्ही केर्लीपर्यंत पोहोचलो होतो. केर्ली कोल्हापुरापासून किती लांब आहे ते माहीत नसेल त्यांनी एवढंच समजावं, की तिथून मागं वळून पाहिलं तर आमच्या गल्लीतला माणूस आम्हाला हाक मारू शकला असता.

ज्यांनी आंबा घाट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी तिथं आमची गाडीही पाहिली असण्याचा संभव आहे. त्यांनी पुढं वाचू नये.

आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान. घागरी, बंब, परातींची ने-आण करायला म्हणून मी एक जुनी पिकअप घेतली. लढाई संपल्यावर मिलिटरीनं टाकून दिलेली. मिलिटरी जी वस्तू टाकते ती विचार करूनच टाकत असणार, हे मला घेतल्यावर सुचलं. आधीच्या मालकानं तिचं पेट्रोलचं इंजिन काढून कुठलंसं डिझेलचं बसवलं होतं. अंग एकीचं, काळीज दुसरीचं. आणि दोघींचं एकमेकींशी पटत नव्हतं.

तिचा दोष एकच. ती तापत नसे.

हा दोष आहे हे कळायलाच मला दोन हिवाळे लागले. लोकांच्या गाड्या तापतात म्हणून ते रडतात. आपली गार राहते म्हणजे शांत स्वभावाची, असा माझा समज. सकाळी हँडल मारून मारून माझा खांदा उतरला की ती खोकायची, पांढऱ्या धुराचा लोट सोडायची, आणि गल्लीत वाळत घातलेली धोतरं पुन्हा धुवायला जायची. मग पाच मैल जा, दहा मैल जा, समोरचा उष्णतेचा काटा तळाशी पाय पसरून झोपलेला. इंजिन ठोके देतंय, ओढ नाही, मागून सायकलवाला घंटी वाजवून पुढं निघून जातो. गंमत म्हणजे मागं भरगच्च माल असला आणि समोर चढ असला, की हीच गाडी तासाभरानं बरी चालायला लागे. सपाटी किंवा उतार आला की पुन्हा हुडहुडी. सुख मिळालं की आजारी पडणारी माणसं असतात, त्यातली.

बंडू मिस्त्री हे आमचे मोटारीचे डॉक्टर. त्यांनी पहिल्या हिवाळ्यात सांगितलं, "डिझेलात पानी हाय." टाकी धुतली. दुसऱ्या हिवाळ्यात, "नोजल गेल्याती." नोजल बदलले. मग पंप खोलला, मग जोडला, आणि जोडून झाल्यावर एक स्क्रू उरला. तो त्यांनी माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "ऱ्हावू द्या जवळ. लागंल कवातरी."

पण त्यांच्यावर सगळा दोष ढकलणं बरं नाही. गाडी घेतली त्या उन्हाळ्यात एकदा शिरोलीजवळ इंजिन उकळलं होतं. त्या दिवशी चहाच्या दुकानात एका शहाण्यानं सांगितलं, की विलायती इंजिनात पाणी अडवणारी एक डबी असते, ती आपल्या मुलखात काढून टाकायची. मी ते ज्ञान घेऊन तडक बंडू मिस्त्रींकडं गेलो.

"काढू की!" ते म्हणाले. "त्यांच्याकडं बरफ पडतंय, म्हणून डबी. आपल्याकडं काय पडतंय? धूळ!"

पाचव्या मिनिटाला डबी माझ्या तळहातावर. पितळेची, चुण्या पडलेली, फुग्यासारखी, अत्तराच्या कुपीहून जरा मोठी. मी सवयीनं हातानं तोलली. नवटाकभर असेल. पितळ चांगलं होतं. मी ती घरी आणून कोनाड्यात ठेवली, आणि देशातली एक विलायती भानगड कमी केल्याच्या आनंदात त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

आता साखरप्याविषयी. साखरपा हे आमच्या सौभाग्यवतीचं, इंदूचं, माहेर. घाट उतरला की कोकण, आणि कोकणाच्या उंबऱ्यावर साखरपा. लग्नाला वीस वर्षं झाली, पण गाडी घेतल्यापासून आम्ही तिथल्या एकाही कार्याला वेळेवर पोहोचलो नव्हतो. धाकट्या मेहुणीच्या लग्नाला पोहोचलो तेव्हा वऱ्हाड हात धूत होतं. मेहुण्याच्या मुलाच्या मुंजीच्या वेळी तर मांडव उतरवत होते. त्यातली एक केळ आम्हाला भेट म्हणून दिली. तेव्हापासून तिकडं म्हणच पडली: कोल्हापूरकर आले, आता उष्टी काढायला घ्या. इंदूला ती म्हण तिच्याच बहिणीनं पत्रातून कळवली होती. ते पत्र तिनं जपून ठेवलं आहे.

यंदा पौषात माझ्या सासऱ्यांची साठीशांत होती. इंदूनं सांगितलं, "मी सरकारी मोटारीनं जाते. तुम्ही या मागनं, जमेल तेव्हा."

"आणि घंटा?" मी विचारलं.

सासरे गावच्या देवळाची व्यवस्था पाहतात. त्या देवळाला मी घंटा द्यायचं कबूल केलं होतं, आणि ती शांतीच्या सकाळीच टांगायची होती. चांगली गुडघाभर उंचीची. ती काय मांडीवर घेऊन मोटारीत बसणार?

इंदू म्हणाली, "बरं. पण या खेपेला पंगत उठलेली दिसली, तर मी माहेरी पुन्हा पाऊल टाकायची नाही. त्यांच्या रागानं नव्हे, लाजेनं."

ती रडली असती तर मी समजूत काढली असती. ती शेंगा सोलत होती, आणि तिनं वरही पाहिलं नाही.

घंटा आमच्या ओळखीच्या ओताऱ्यानं ओतली. त्यांच्यात रीत आहे: देवाची घंटा ओतताना देणाऱ्यानं आपल्या घरची धातूची एखादी वस्तू मुशीत टाकायची. इंदूनं तिच्या लग्नातली वाटी पुढं केली. मी व्यापारी माणूस. म्हटलं, "वापरातली वाटी कशाला मोडतेस? कोनाड्यात ती बंडूनं काढलेली डबी आहे की. पितळ तेच, आणि पडूनच आहे." ओताऱ्यानं मुशीवरचं झाकण काढलं, आणि मी डोळे मिटून, हात जोडून ती डबी देवाला अर्पण केली.

पहिला दिवस: केर्ली ते बांबवडे

शांतीच्या आदल्या दिवशी उजाडताच निघालो. मागं पेंढ्यात घंटा, पुढं मी आणि इंदू. तिची उंची बेताची असल्यानं समोरचा रस्ता दिसावा म्हणून ती गाडीबरोबर आलेल्या एका जाड इंग्रजी पुस्तकावर बसायची. त्या पुस्तकाचा आम्हाला तेवढाच उपयोग ठाऊक होता.

केर्लीला गाडी पहिल्यांदा बंद पडली, वाघबिळाच्या उतारावर दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा एक बैलगाडीवाला थांबला, त्यानं बैलांना पाणी पाजलं, आमच्याकडं बघितलं, बैलांकडं बघितलं आणि बैलांची पाठ थोपटून निघून गेला. इंदू सारखी उन्हाकडं पाहत होती. दुपार टळली तेव्हा आम्ही बांबवड्याच्या अलीकडं एका गुऱ्हाळाशी जाऊन कसेबसे थांबलो.

गुऱ्हाळाचा वास आधी येतो, मग गुऱ्हाळ दिसतं. चुलवाणावर भली मोठी काहील, तिच्यात पिवळाधमक रस खदखदतोय, आणि वर उभा उघड्या अंगाचा गुळव्या लांब दांड्यानं मळी काढतोय. गूळ कधी उतरवायचा ते हाच ठरवतो. क्षण चुकला तर सगळी काहील वाया. अशा माणसाच्या डोळ्याला एक धार असते. तुका त्याचं नाव.

"पावणं," तो वरूनच ओरडला, "ही गाडी हाय का चुलवाण? धूर आमच्यापरास जास्त!"

"तापत नाही हो," मी म्हणालो.

"तापत न्हाय? येवढा धूर काढून?" त्यानं दांडा दुसऱ्याच्या हातात दिला आणि खाली उतरला. "अहो, धूर हाय मंजी जाळ धड लागंना. बगू."

बंडू मिस्त्री गाडीशी आले की आधी हत्यार काढतात. या माणसानं फक्त हात पुढं केला. इंजिनाच्या डोक्याला लावला, पाणी थंड करणाऱ्या पुढच्या जाळीला लावला, वरच्या रबरी नळाला, खालच्या नळाला.

"हितं कोमट. हितं गार. हितं बी गार." त्यानं जाळीसमोर तळहात धरला. "आन ह्ये वारं! चुलवाणाच्या तोंडाला आसं वारं लागलं तर दिसभर पाचट जाळा, रसाला उकळी यायची न्हाय. आडुसा करा की!"

दोन गोणपाटं आली. काथ्यानं ती जाळीच्या पुढ्यात आवळून बांधली. तुका तेवढ्यावर थांबला नाही.

"आन पानी येवढं पळतंय कशापायी? आमी रस काहिलीत एका जाग्याला धरतो, मग तापतोय. तुमचं पानी तापायच्या आदीच भाईर थंडाईला पळतंय. त्येला आडवणारं कायतरी असंलच की आत. विलायतेची मानसं काय खुळी हाईत?"

मी म्हणणार होतो, की असं काही नसतं. पण इंदू गाडीत गेली आणि आपल्या बुडाखालचं पुस्तक घेऊन आली. तिला इंग्रजी येत नाही, चित्रं कळतात. पानं उलटता उलटता तिनं एके ठिकाणी बोट ठेवलं.

"अहो. ही आपली डबी."

चुणीदार, फुग्यासारखी, हुबेहूब. मी चष्मा लावला. शाळेत शिकलेलं इंग्रजी हळूहळू जागं झालं. पाणी पुरतं गरम होईतो ही डबी वाट बंद ठेवते. गरम झालं की आपोआप उघडते. ही नसेल तर इंजिन गार राहील, धूर सोडील, ताकद देणार नाही. कोणत्याही मुलखात ती काढू नये.

'कोणत्याही' हा शब्द मी दोनदा वाचला.

"मग कुटं हाय ती डबी?" तुकानं विचारलं.

इंदू वळून गाडीच्या मागच्या बाजूला, पेंढ्याकडं पाहायला लागली. मग मीही पाहिलं.

"घरी ऱ्हायली?"

"नाही," इंदू म्हणाली. "बरोबरच आहे. पण आता ती घंटा आहे."

सगळं सांगावं लागलं. ऐकताना तुका गुडघ्यावर हात ठेवून वाकला. मला वाटलं हळहळला, पण तो हसत होता. "मंजी देवाच्या पोटात हाय म्हना की! ए, बगा रं, पावन्यानं गाडीचं काळीज काडून देवाला दिलं!" चरकावरचा माणूस धावत आला, पाचट वाळवणाऱ्या बायका आल्या. मला पुन्हा एकदा गोष्ट सांगावी लागली, कारण शेवटचा आलेला म्हातारा जरा कमी ऐकत होता.

पण त्या लोकांनी आम्हाला उपाशी सोडलं नाही. केळीच्या पानावर ताजा, ऊन गूळ, भाजलेल्या शेंगा, भाकरी आणि वर काकवीची धार. आम्ही कोल्हापूरची माणसं टिंगल करतो तीसुद्धा वाढून करतो.

निघताना तुका म्हणाला, "पावणं, सकाळी सुरू करताना गार पानी घालू नगा. उकळतं घाला. आमीबी गार काहिलीवर इस्वास टाकत न्हाय."

पाचव्या मैलाला काटा हलला. सपाटीवर, दोन वर्षांत पहिल्यांदा. मी इतका खूष झालो, की त्याच्याकडंच पाहत राहिलो, आणि गाडी चारीत घालता घालता राहिली.

मलकापूर

मुक्काम विठूअण्णांकडं. हे माझे जुने गिऱ्हाईक, त्यांचंही भांड्यांचं दुकान. रात्री झुणका-भाकरी आणि घामटं काढणारा ठेचा झाला. सकाळी न्हाणीत बंब पेटला होता. माझ्याच दुकानातला, तांब्याचा, झकास. इंदूची आंघोळीची तयारी होती. माहेरच्या शांतीला जायचं, घाटाखाली वेळ मिळणार नाही, म्हणून तिनं नवं लुगडंही काढून ठेवलं होतं.

मला तुकाचे शब्द आठवले. मी बंबाकडं पाहिलं, इंदूकडं पाहिलं.

"घ्या," ती म्हणाली. तिनं माझ्यावर मागायची वेळही आणली नाही.

रात्रीचं गार पाणी सोडून दिलं आणि चार बादल्या उकळतं पाणी गाडीच्या पोटात गेलं. विठूअण्णा दारात उभे राहून दात घासत होते. "आमच्याकडं जावयाला असं न्हाऊ घालतात," ते म्हणाले, "गाडीला पहिल्यांदाच बघतोय." हँडल दुसऱ्याच फेऱ्याला लागलं. धूर नाही, खोकला नाही. इंदूनं गार पाण्याचे दोन हबके तोंडावर मारले, नवं लुगडं पिशवीत तसंच कोंबलं, आणि पुस्तकावर जाऊन बसली.

आंबा घाट

घाटमाथ्यावर धुकं होतं. देशाकडून कोकणाकडं जाताना रस्ता एके ठिकाणी वळतो, आणि इतका वेळ समोर असलेली जमीन एकाएकी पायाखाली जाते. खाली दरीत कापूस पिंजून ठेवल्यासारखं पांढरं, त्यातून डोंगरांच्या सोंडा वर आलेल्या, कारवीवर दंव, आणि कुठूनतरी गाईच्या गळ्यातल्या घाटीची किणकिण. मी गाडी उभी केली. इंदूला म्हटलं, "बघ. सरकारी मोटारीनं आली असतीस तर हे दिसलं असतं का?"

"सरकारी मोटार कालच खाली पोहोचली," ती म्हणाली.

आणि तेवढ्यात, नुसतं उभं राहून, इंजिन पुन्हा गारठलं आणि विझलं. सृष्टिसौंदर्य पाहण्याची हौस मला जन्मभर महाग पडली आहे. पण उतार होता. उतार हा गरिबाचा मिस्त्री. गिअरात टाकून सोडली, ती दोन हिसके देऊन पुन्हा बोलायला लागली, आणि मी साखरपा येईतो कुठल्याही डोंगराकडं मान वर करून पाहिलं नाही.

साखरपा

मांडवाच्या दाराशी मोठा मेहुणा सदानंद उभा होता. कोकणातला माणूस आमच्यासारखा ओरडत नाही. हळूच टोचतो आणि तुमच्याबरोबर 'अरेरे' म्हणतो. त्यानं आम्हाला पाहिलं, सूर्याकडं पाहिलं.

"अरे, आलात? हे आजच्यासाठी आलात, की मुंजीचेच पोहोचताय?"

"पंगत उठली का?" इंदूनं विचारलं.

"अगं, अजून होम पेटायचाय!"

इंदू खाली उतरली. तिथंच, मोटारीला टेकून, एक क्षण उभी राहिली. मग भावाला म्हणाली, "मग वाढायला मला घ्या. उष्टी दुसरं कुणीतरी काढेल." पत्रातून म्हण कळवणारी बहीण मागं उभी होती, ती लगेच आत गेली.

सासूबाईंनी विचारलं, "आंघोळ करून आलीस ना?"

"आंघोळ गाडी करून आली," इंदू म्हणाली. "मला पाणी काढा."

होम झाल्यावर घंटा टांगली. तिथली एक रीत मला कुणी सांगितली नव्हती: पहिला टोल देण्याआधी देणाऱ्यानं घरचं काय अर्पण केलं ते चारचौघांत बोलायचं. सगळा गाव देवळात. सासरे, साठ वर्षांचे, सोवळ्यात, समोर उभे.

"जावईबुवा, काय घातलंत घंटेत?"

वाटी म्हणावं का, असा विचार मनात आला. इंदू खांबाशी उभी होती. ओले केस, नवं लुगडं. ती माझ्याकडं पाहत नव्हती. घंटेकडं पाहत होती.

"गाडीतली एक वस्तू," मी म्हणालो.

"कामाची की बिनकामाची?"

देवाला बिनकामाचं देणं म्हणजे काय, हे तिथं प्रत्येकाला कळत होतं.

"घातली तेव्हा बिनकामाची होती," मी म्हणालो. "काल दुपारपासून कामाची आहे."

मग पुन्हा सगळी गोष्ट. डबी, कोनाडा, वाटी वाचवल्याची हुशारी, गुळव्या, बंब. या खेपेला मी काहीही लपवलं नाही. तिसऱ्यांदा सांगताना माणूस प्रामाणिक होतो. भटजीसुद्धा पंचा तोंडाला लावून हसले. सासऱ्यांनी हसू आवरलं आणि म्हणाले, "म्हणजे देवानंही तुमची वाट पाहिली म्हणा. असू दे. आम्हाला सवय आहे." आणि घंटेचा पहिला टोल त्यांनी इंदूला द्यायला लावला.

आवाज छान आला. आमचं पितळ चांगलंच होतं.

जेवायला नारळाच्या रसातले घावन, फणसाच्या सुक्या गऱ्यांची भाजी आणि सोलकढी. तिखट म्हणून त्यांनी जे वाढलं, ते आमच्याकडं लहान मुलांना देतात. इंदूनं तीन पंगती वाढल्या, आणि बसली ती चौथ्या पंगतीला, बहिणींच्या मध्ये.

परत

दोन दिवसांनी परत निघालो. खालून घाट चढायचा. गाडीत नारळ, तांदूळ, फणसाचे पापड, शिवाय सासूबाईंनी दिलेला उखळाचा दगड. चढ आणि ओझं. तिला आवडतं ते सगळं. ती चढली, घोड्यासारखी चढली. मी शीळ घालत होतो. काटा वर गेला, आणखी वर गेला, आणि माथा दोन वळणांवर असताना पुढून वाफेचा असा फवारा सुटला, की कोकण, देश, काहीच दिसेना.

गोणपाटं सोडायची राहिली होती.

मागून सरकारी मोटार आली. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "ओ मालक! शाल पांघरून घाट चढवताय व्हय गाडीला?" मोटारभर माणसं हसली आणि वळणाआड गेली.

मी घाबरून इंदूकडं पाहिलं. ती खाली उतरली, वाफेकडं कौतुकानं पाहत म्हणाली, "तापली बाई एकदाची."

"उशीर होणार गं आता."

"होऊ दे की. आपल्याच घरी तर जायचंय."

तिनं रस्त्याकडेचा एक सपाट दगड पदरानं झटकला आणि आईनं दिलेला डबा उघडला. आम्ही दोघं तिथं बसून खात राहिलो, गाडी गार व्हायची वाट बघत. डबी काढल्यापासून हे पहिल्यांदाच.